सूड कोणी घ्यायचा? मरीन परेड, १९४२ आणि एक बंदी घातलेला मारधाडपट

१९७३ साली सिंगापुरात 'रिंग ऑफ फ्युरी' नावाचा एक सिनेमा तयार झाला. दिग्दर्शक दोन, टोनी यिओ आणि जेम्स सेबॅस्टियन. बजेट अगदीच तुटपुंजं. हिरो पीटर चाँग हा अभिनेता नव्हता, कराटे शिकवणारा खराखुरा कराटेपटू होता. गोष्ट तुम्ही शंभर वेळा पाहिलेली. नूडल्स विकून पोट भरणारा एक साधा माणूस, त्याच्याकडे हप्ता मागणारी टोळी आणि लोखंडी मुखवटा घातलेला टोळीचा म्होरक्या. हिरो हप्ता द्यायला नकार देतो, त्या नकाराची किंमत त्याला आणि त्याच्या माणसांना मोजावी लागते. मग तो गुरूकडे जाऊन विद्या शिकतो, परत येतो आणि एकेकाचा हिशेब चुकता करतो.

हा सिनेमा सिंगापूरच्या प्रेक्षकांना तीस वर्षांहून अधिक काळ पाहता आला नाही. त्यावर बंदी आली. नग्नता, धर्माचा अपमान, राजकीय टीका यातलं त्यात काहीच नव्हतं. आक्षेप होता तो गुंडगिरीच्या चित्रणाला आणि कायदा हातात घेणाऱ्या हिरोला.

आता प्रश्न असा, की नूडल्सवाल्याच्या हाणामारीला एक अख्खं सरकार का घाबरावं? 'सेन्सॉरवाल्यांना काय, काहीही खुपतं' असं म्हणून हा प्रश्न सोडून देता येतो. पण माझ्या मते या बंदीमागे सिंगापूरचा एक मोठा आणि दुखरा इतिहास आहे. तो समजायला आपल्याला थोडं मागे जावं लागेल आणि मरीन परेडला यावं लागेल. तुमच्यापैकी काही जण तिथेच राहत असतील किंवा रविवारी ईस्ट कोस्ट पार्कात सायकल चालवायला जात असतील.

एकाच वर्षातले तीन सूड

आधी १९७३ या वर्षाकडे जरा बघू. जानेवारीत जपानमध्ये किंजी फुकासाकूचा 'जिंगी नाकी तातकाई' आला. नावाचा अर्थ साधारण 'ना धर्म, ना माणुसकी अशी लढाई'. मे महिन्यात आपल्याकडे प्रकाश मेहरांचा 'जंजीर' आला आणि अमिताभ बच्चन 'अँग्री यंग मॅन' झाला. जुलैत ब्रूस ली गेला आणि त्यानंतर आशियाभर कुंग-फू सिनेमांचं पेव फुटलं. 'रिंग ऑफ फ्युरी' हे त्याच लाटेवरचं सिंगापूरचं छोटंसं जहाज.

हे जहाज छोटं असण्यालाही कारण आहे. पन्नाशीच्या दशकात सिंगापूर हे मलय सिनेमाचं माहेरघर होतं. शॉ बंधूंचा स्टुडिओ जालान अम्पासला होता आणि कॅथे-केरिसचा स्टुडिओ ईस्ट कोस्ट रोडवर, म्हणजे आजच्या मरीन परेडच्या शेजारीच. तिथे बी. एन. राव, एल. कृष्णन यांसारखे भारतीय दिग्दर्शक मलय भाषेत सिनेमे काढायचे. शॉंचा स्टुडिओ १९६७ मध्ये बंद पडला, कॅथे-केरिसचा १९७२ मध्ये. म्हणजे 'रिंग ऑफ फ्युरी' बनला तेव्हा इथे स्टुडिओ नावाची गोष्टच उरली नव्हती. हौस, उसनवारी आणि रस्त्यावरचं शूटिंग एवढ्याच भांडवलावर तो उभा राहिला.

या तीन सिनेमांत जपानी सिनेमा सगळ्यात वेगळा आहे. त्याआधी साठच्या दशकात जपानमध्ये याकुझा, म्हणजे तिथल्या संघटित टोळ्या, पडद्यावर शूर आणि वचनाला जागणाऱ्या दाखवल्या जायच्या. फुकासाकूनं तो मुलामा खरवडून काढला. त्याचा सिनेमा सुरू होतो अणुबॉम्बच्या ढगाच्या चित्रानं. पुढे हिरोशिमाजवळच्या कुरे बंदरातला युद्धानंतरचा काळाबाजार दिसतो. सैन्यातून परतलेली, हाताला काम नसलेली तरुण पोरं टोळ्यांत शिरतात आणि एकमेकांचे गळे कापतात. कथा एका खऱ्या याकुझाच्या तुरुंगातल्या आठवणींवर बेतलेली होती. टोएई कंपनीनं दीड वर्षात असे पाच भाग झटपट काढले. फुकासाकू स्वतः पंधरा वर्षांचा असताना दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला जुंपलेला होता. त्याचं म्हणणं सरळ आहे: टोळ्या आकाशातून पडत नाहीत, युद्ध संपतं तेव्हा युद्धानं जे शिकवलं ते गल्लीत येतं.

पण फुकासाकूच्या सिनेमात ते सैनिक परत *आल्यानंतरची* गोष्ट आहे. परत येण्याआधी तसलेच सैनिक इथे, सिंगापुरात काय करत होते, हा सिंगापूरच्या बाजूनं विचारायचा प्रश्न.

सगळ्यात मोठा हप्ता

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी ब्रिटिशांनी सिंगापूर जपानी सैन्याच्या स्वाधीन केलं. त्यानंतर काही दिवसांतच शहरातल्या चिनी पुरुषांना ठरावीक ठिकाणी हजर व्हायचं फर्मान निघालं. वय १८ ते ५०. याला पुढे 'सूक चिंग' हे नाव मिळालं. शब्दाचा अर्थ शुद्धीकरण, प्रत्यक्षात कत्तल. चीनमधल्या जपानविरोधी लढ्याला वर्गणी देणारे, कम्युनिस्ट, स्वयंसेवक दलातले लोक, हे सगळे वेचून काढायचे होते. यादीत आणखी एक गट होता. अंगावर गोंदवलेलं असलेले पुरुष. गोंदण म्हणजे हा गुप्त टोळीचा माणूस, असं गृहीत धरलं गेलं. ज्या देशात अंगभर गोंदवलेले याकुझा होते, त्या देशाचं सैन्य इथे गोंदण पाहून माणसाच्या मरणाचा निर्णय घेत होतं.

तपासणीला ना धड पुरावा होता, ना नियम. सुटलेल्यांच्या कागदावर, कधी कपड्यावर, कधी थेट कातडीवर 'तपासलं' असा शिक्का मारला जायचा. बाकीच्यांना लॉऱ्यांत भरून बहुतेक वेळा पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर नेलं गेलं: चांगी, सिगलाप, पुंगोल. किती मेले? जपानी बाजूनं मान्य झालेला आकडा ५,००० च्या आसपास, तर इथल्या चिनी समाजाचा अंदाज ५०,००० पर्यंत जातो. पुढे पंतप्रधान झालेले ली क्वान यू तेव्हा अठरा वर्षांचे होते. अशाच एका तपासणी केंद्रावरून आपण थोडक्यात निसटलो, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

आणि मग आली वसुली. मलाया आणि सिंगापूरच्या चिनी समाजानं जपानविरोधी कारवायांचं प्रायश्चित्त म्हणून ५ कोटी डॉलर 'भेट' द्यावेत, असा हुकूम झाला. घरं, दागिने, दुकानं विकून लोकांनी जेमतेम २ कोटी ८० लाख जमवले. उरलेली रक्कम त्यांना योकोहामा स्पेसी बँकेकडून, म्हणजे जपानी बँकेकडूनच, कर्जाऊ घ्यायला लावली. म्हणजे ज्यानं लुटलं त्याचंच कर्ज डोक्यावर.

याला इतिहासाच्या पुस्तकांत 'सक्तीची देणगी' म्हणतात. मराठीत याला सरळ शब्द आहे, खंडणी. 'पैसे द्या, नाहीतर परत तेच होईल' हे टोळीचं गणित, फक्त इथे टोळीकडे रणगाडे होते.

या शब्दापाशी आपणही क्षणभर थांबायला हवं. शाळेच्या इतिहासात आपण खंडणी हा शब्द घेणाऱ्याच्या बाजूनं शिकतो. सुरतेहून किती आणलं, कुठून चौथाई आली, वगैरे. पण बंगालमध्ये मराठा स्वारांची भीती घालून मुलांना झोपवणारं अंगाईगीत आहे, हे आपल्यापैकी अनेकांना परदेशात बंगाली मित्र भेटल्यावरच कळतं. दोन्ही घटना सारख्या आहेत असं मी म्हणत नाही. काळ वेगळा, माणसं वेगळी, प्रमाणही वेगळं. पण देणाऱ्याच्या घरात तो शब्द कसा ऐकू येतो, हे सिंगापूर फार स्पष्टपणे दाखवतं.

हाडं, रक्ताचं ऋण आणि भराव

युद्ध संपल्यावर १९४७ मध्ये सिंगापुरात सूक चिंगचा खटला चालला. सात अधिकारी आरोपी होते. दोघांना, कावामुरा साबुरो आणि ओइशी मासायुकी यांना, फाशी झाली आणि पाच जणांना जन्मठेप. कटामागचा मुख्य मेंदू म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं जातं तो मासानोबू त्सुजी मात्र आधीच पसार झाला होता. तो पुढे जपानमध्ये परतला, पुस्तकं लिहिली आणि १९५२ मध्ये चक्क संसदेवर निवडून गेला. इथल्या चिनी कुटुंबांना हा न्याय अर्धवट वाटला नसता तरच नवल.

फेब्रुवारी १९६२ मध्ये सिगलापला जमिनीखाली सामूहिक कबरी सापडल्या. हाडं, कवट्या, ओळख पटवायला काही नाही. वीस वर्षं दाबून ठेवलेला राग एकदम वर आला. चिनी चेंबर ऑफ कॉमर्सनं नुकसानभरपाईची मागणी लावून धरली. घोषणेचा शब्द होता 'रक्ताचं ऋण'. आणि मागितलेली रक्कम? ५ कोटी डॉलर. १९४२ मध्ये उकळलेला तोच आकडा. २५ ऑगस्ट १९६३ रोजी सिटी हॉलसमोर एक लाखाहून अधिक लोक जमले. भाषण करायला ली क्वान यू स्वतः उभे होते.

त्यांची कसरत समजून घ्या. एका बाजूला खराखुरा, न्याय्य संताप, जो त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातूनही गेला होता. दुसऱ्या बाजूला बहुवंशीय देश चालवायचा होता, जिथे 'चिनी लोकांचा सूड' हे वाक्यही धोक्याचं होतं. शिवाय कारखाने उभारायला जपानी भांडवल हवं होतं. शेवटी ऑक्टोबर १९६६ मध्ये तडजोड झाली. जपाननं ५ कोटी डॉलर द्यायचे, त्यातले निम्मे अनुदान म्हणून आणि निम्मे कर्ज म्हणून. करार दोन सरकारांमधला होता. ज्यांच्या घरची माणसं लॉरीतून गेली आणि परत आली नाहीत, त्यांचा हिशेब सरकारी खात्यात मिटला.

१५ फेब्रुवारी १९६७ रोजी बीच रोडवरच्या युद्धस्मारकाचं अनावरण झालं. चार उंच खांब, चार समाजांचे. खाली सहाशेहून अधिक कलशांत त्या हाडांचे अवशेष. मारले गेले ते बहुतांश चिनी, पण स्मारक सगळ्यांचं. हे जाणीवपूर्वक केलेलं आहे. शोक सर्वांचा केला की सूड कुणा एकाचा राहत नाही.

आता मरीन परेड. ज्या वर्षी हा हिशेब मिटला त्याच १९६६ मध्ये पूर्व किनाऱ्यावर समुद्रात भराव टाकायला सुरुवात झाली. बेडोक भागातल्या टेकड्या कापून माती समुद्रात ओतली गेली. हे काम सुमारे दोन दशकं चाललं. आधी समुद्र कातोंगच्या बंगल्यांच्या कुंपणापर्यंत यायचा, तो दूर ढकलला गेला. त्या नव्या जमिनीवर सत्तरच्या दशकात मरीन परेडच्या सरकारी इमारती उभ्या राहिल्या. संपूर्ण वसाहत भरावावर, असा हा तिथल्या गृहनिर्माण मंडळाचा पहिला प्रयोग. मुंबईकरांना मरीन ड्राइव्ह आणि नरिमन पॉइंटमुळे भराव नवीन नाही. फरक इतकाच, की इथे मागच्या टेकड्यांच्या रांगेत चारच वर्षांपूर्वी माणसं सापडली होती आणि पुढे नवीन घरांच्या चाव्या वाटल्या जाणार होत्या.

मग नूडल्सवाल्यानं काय बिघडवलं?

हा सगळा संदर्भ डोक्यात ठेवून १९७३ कडे परत येऊ. सिंगापूरच्या सरकारनं जनतेशी एक न लिहिलेला करार केला होता. तुम्ही सूड सोडा, आम्ही सुरक्षितता, घर आणि नोकरी देतो. जपानशी असलेला मोठा हिशेब याच तत्त्वावर मिटवला होता. आणि गल्लीतल्या टोळ्यांचा हिशेबही त्याच तत्त्वावर चालला होता.

पन्नाशी-साठीच्या दशकात इथल्या गुप्त टोळ्या फेरीवाल्यांकडून खरोखर हप्ते घ्यायच्या. साक्षीदार भीतीनं कोर्टात बोलायचे नाहीत. म्हणून १९५५ च्या एका 'तात्पुरत्या' फौजदारी कायद्यात १९५८ मध्ये दुरुस्ती करून संशयित टोळीवाल्यांना खटला न चालवता डांबून ठेवायचे अधिकार घेतले गेले. तो तात्पुरता कायदा दर पाच वर्षांनी मुदतवाढ घेत आजही जिवंत आहे. टोळ्या मोडल्या हे खरं. आणि त्यासाठी कोर्टाला वळसा घातला गेला हेही तितकंच खरं.

अशा वेळी पडद्यावर एक फेरीवाला येतो आणि म्हणतो, मला हप्त्याचा जाच आहे, पोलीस कुठे दिसत नाहीत, मी स्वतःच बघतो. सरकारच्या दृष्टीनं त्यात दोन अपराध आहेत. एक, टोळ्या अजून आहेत असं दिसतं. दुसरा आणि मोठा, सामान्य माणूस सरकारला दिलेला सूडाचा हक्क परत मागतो.

हे माझं वाचन आहे, कुठल्या सरकारी फाइलचा उतारा नव्हे. पण तुलना करून बघा. पाच वर्षांनी, १९७८ मध्ये, 'दे कॉल हर क्लिओपात्रा वाँग' आला. फिलिपिनो दिग्दर्शक बॉबी सुआरेझ, नायिका सिंगापूरची डॉरिस यंग. पडद्यासाठी तिचं नाव केलं मॅरी ली, ब्रूस लीची कुणी नातेवाईक वाटावी म्हणून. हाही स्वस्तातला मारधाडपट. स्ट्रॉबेरी जॅमच्या बरण्यांतून खोट्या नोटा, नन्सच्या वेशात बंदुका, सगळा मालमसाला. हाणामारी 'रिंग ऑफ फ्युरी'पेक्षा कमी नाही. पण नायिका इंटरपोलची अधिकारी आहे. तिच्या प्रत्येक लाथेमागे सरकारी शिक्का आहे. हा सिनेमा बंदीतून वाचला, इतकंच नव्हे तर पुढे जगभर त्याचे चाहते झाले.

भारतातही वेगळं काही घडलं नाही. 'जंजीर'चा विजय पोलीस अधिकारी आहे. नोकरी गेल्यावरही तो प्रेक्षकांच्या मनात पोलीसच राहतो. आणि 'शोले'? मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार मारतो. सिनेमा ऑगस्ट १९७५ मध्ये, ऐन आणीबाणीत आला. सेन्सॉरच्या आग्रहामुळे शेवट बदलावा लागला आणि आयत्या वेळी पोलीस येऊन गब्बरला ताब्यात घेतात. दोन देश, दोन सेन्सॉर, संदेश एकच: सूड घ्यायचाच असेल तर गणवेशातल्या माणसानं घ्यावा.

आणि आपण कुठे होतो?

हा इतिहास 'त्यांचा' आहे, चिनी-जपानी लोकांचा, असं म्हणायचा मोह होतो. पण तारखा तसं म्हणू देत नाहीत. १७ फेब्रुवारी १९४२ रोजी फॅरर पार्कवर सुमारे ४५,००० हिंदी युद्धकैदी जपान्यांच्या ताब्यात दिले गेले. तिथे त्यांना आझाद हिंद फौजेत येण्याचं आवाहन झालं. सूक चिंग सुरू झालं ते त्याच आठवड्यात. एकाच शहरात, काही मैलांच्या अंतरावर, एका समाजाला स्वातंत्र्याचं आमंत्रण मिळत होतं आणि दुसऱ्याला लॉरीत चढवलं जात होतं.

पुढे १९४३ मध्ये सुभाषबाबू सिंगापूरला आले आणि मेयर रोडवर, म्हणजे कातोंगला, समुद्राकाठच्या बंगल्यात राहिले. आजच्या मरीन परेडपासून चालत जाण्याच्या अंतरावर. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी कॅथे थिएटरमध्ये त्यांनी आझाद हिंद सरकारची घोषणा केली. त्या फौजेचे चीफ ऑफ स्टाफ होते जगन्नाथराव भोसले, सावंतवाडी संस्थानातल्या तिरोड्याचे. स्वतंत्र भारतात ते केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. आपल्या घरांत सिंगापूर म्हटलं की हे आठवतं आणि आठवावंच.

पण त्याच काळात मलायातल्या मळ्यांवरचे हजारो तमिळ मजूर सयाम-बर्मा रेल्वेच्या कामावर मेले. फौजेत न गेलेल्या कितीतरी हिंदी कैद्यांना न्यू गिनीत पाठवलं गेलं आणि त्यांचे अतोनात हाल झाले. म्हणजे 'हिंदी लोकांना जपान्यांनी चांगलं वागवलं' हे वाक्यही सरसकट खरं नाही. नेताजींबद्दलचा आदर आणि सिगलापच्या कबरी या दोन गोष्टी एकाच नकाशावर आहेत. एक खरी म्हणून दुसरी खोटी होत नाही. पण सिंगापुरात वाढणाऱ्या मराठी मुलाला घरी पहिली ऐकायला मिळते आणि शाळेत दुसरी, आणि दोन्हींची गाठ कुणीच घालून देत नाही.

'रिंग ऑफ फ्युरी' आता पाहता येतो. सिंगापूरच्या एशियन फिल्म आर्काइव्हनं तो दुरुस्त करून जपला आहे. सिनेमा म्हणून तो कच्चा आहे. संवाद ओठांशी जुळत नाहीत, गुंडांचे मुक्के हवेतच असतात. पण सत्तरच्या दशकातलं सिंगापूर, अजून पूर्ण घासूनपुसून चकचकीत न झालेलं, त्यात जिवंत आहे. आणि हिरो लढतो ते कराटेच्या अंगानं, म्हणजे ओकिनावात जन्मलेल्या, जपाननं जगभर नेलेल्या विद्येनं. सूक चिंगनंतर एकतीस वर्षांनी या शहरातल्या एका चिनी तरुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला तर हे त्या सगळ्या सरकारी करारांपेक्षा जास्त बोलकं वाटतं.

सूड सोडून द्यावा, हे सिंगापूरनं आपल्या लोकांना शिकवलं आणि त्याचं फळही मिळालं. पण सूड सोडणं आणि गोष्ट सांगायलाच बंदी करणं यात फरक आहे. ज्या माणसाला सूड घेता येत नाही, त्याला निदान सूडाचा सिनेमा तरी काढू द्यावा. त्यानं टोळ्या वाढत नाहीत. या आठवड्याच्या एपिसोडमध्ये आम्ही दोघं नेमक्या याच मुद्द्यावर भांडलो आहोत आणि आमचं एकमत झालेलं नाही. ऐका आणि कुणाची बाजू पटते ते कळवा. शिवाय तुमच्या मजल्यावर एखादी चिनी आजी राहत असेल, तर तिला त्या साडेतीन वर्षांबद्दल जरूर विचारा. आणि मग घरी फोन लावून आपल्या आजीलाही.